अजिंठ्याची भिंत वाचायची तर १७ नंबरपासून: जळगावहून एका दिवसाच्या फेरीचं परीक्षण

जळगाव-भुसावळकडच्या बहुतेकांचा अजिंठा शाळेच्या सहलीत होऊन जातो. रांगेत चढायचं, पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर दोन मिनिटं थांबायचं, २६ नंबरच्या लेण्यातला निजलेला बुद्ध बघायचा आणि खाली येऊन डबा उघडायचा. त्या फेरीत भिंतीवरच्या गोष्टी वाचायच्या राहून जातात, आणि अजिंठ्याचं खरं धन तेच आहे. म्हणून हे परीक्षण एकाच कामापुरतं आहे: जातककथांची, म्हणजे बुद्धाच्या आधीच्या जन्मांच्या गोष्टींची, भित्तिचित्रं नीट वाचायची असतील तर जळगावहून जाऊन-येऊन एका दिवसात ते कितपत जमतं, तिथली सोय कुठे पुरते, कुठे तोकडी पडते आणि घरून काय न्यावं लागतं.

मत आधीच सांगतो. जाण्यायेण्याची सोय चांगली. चित्रांची राखण मनापासून केलेली. उजेड कमी, पण तो तसाच असायला हवा. गोष्ट समजावून देण्याची व्यवस्था मात्र तोकडी आहे. लेण्याबाहेरचा फलक लेण्याची ओळख करून देतो. भिंतीवर गोष्ट कुठून सुरू होते आणि कुठे वळते हे ज्याचं त्यालाच शोधावं लागतं. चार कथा घरी वाचून गेलात तर हा दिवस सोन्याचा होतो. न वाचता गेलात तर काळपट भिंतींवर सुंदर चेहरे दिसतात आणि माणूस तासाभरात बाहेर येतो.

जळगावहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारी कुठलीही एसटी चालते. नेरी, पहूर, वाकोद आणि मग फर्दापूर, साधारण ६० किलोमीटर. कंडक्टरला ‘लेणी फाटा’ किंवा ‘टी पॉइंट’ सांगायचं. स्वतःची गाडी असली तरी ती इथेच लावावी लागते. पुढचे ४ किलोमीटर लेण्यांच्या बसनेच जायचं. गाड्यांचा धूर दरीत जाऊ नये म्हणून ही सोय केली आहे आणि ती अगदी योग्य आहे. बसचं भाडं आणि सुविधा शुल्क वेगळं पडतं, म्हणून सुट्टे पैसे जवळ ठेवा. लेण्यांचं तिकीट भारतीयांना ४० रुपये, ऑनलाइन काढलं तर ३५, आणि १५ वर्षांखालच्या मुलांना नाही. सोमवारी लेणी बंद असतात. दर सोमवारी कुणी ना कुणी फर्दापुरातून परत फिरतं, तेव्हा निघण्याआधी वार बघा.

दार ९ वाजता उघडतं. पावणेनऊला टी पॉइंटवर असाल अशा बेताने जळगाव सोडा, म्हणजे सातच्या आत बसस्टँडवर. सहलीच्या बसगाड्या साडेदहाच्या पुढे येऊ लागतात, म्हणजे शांतपणे बघायला तुमच्या हातात सव्वा-दीड तास असतो. हा वेळ १ नंबरमध्ये खर्च करू नका. सगळी गर्दी पायऱ्या चढून आधी १ नंबरमध्येच शिरते. तुम्ही लेण्यांसमोरच्या वाटेने सरळ पुढे निघून १७ नंबर गाठा. दहा-पंधरा मिनिटांची चाल आहे, मध्ये थोडे चढउतार लागतात. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांसाठी खाली डोलीवाले असतात. वर चढायच्या आतच भाव ठरवून घ्या आणि ‘१७ पर्यंत’ हे स्पष्ट सांगा, नाहीतर डोली पहिल्या लेण्यासमोर उतरते.

१७ नंबर आधी का, याचं कारण गर्दीपलीकडचं आहे. कथाचित्रं सर्वांत जास्त आणि सर्वांत चांगल्या अवस्थेत इथेच आहेत. वाचायची रीत इथे शिकलात तर बाकीच्या लेण्यांतल्या तुटक भिंतीही उलगडतात. शिवाय खानदेशच्या माणसाला या लेण्याचं वेगळं अगत्य वाटावं असं एक कारण आहे. हे लेणं वाकाटक राजा हरिषेणाच्या एका मांडलिक राजाने कोरवून घेतलं, साधारण इसवी सनाच्या ४६० ते ४८० च्या दरम्यान. अभ्यासक त्याला उपेंद्रगुप्त म्हणतात. ओसरीच्या बाहेरच्या लेखात त्याच्या घराण्याची वंशावळ आहे आणि धाकट्या भावाच्या, रविसांबाच्या, मृत्यूचं दुःखही आहे. या घराण्याचा मुलूख होता ऋषिक. आणि ऋषिक म्हणजेच खानदेश, असं इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी मांडलं. आपल्याच मुलखाच्या राजाने ही चित्रं काढवून घेतली.

आत घाईने शिरू नका. उन्हातून आलेले डोळे अंधाराला सरावायला ८ ते १० मिनिटं लागतात आणि तोवर आत काहीच दिसत नाही. तो वेळ ओसरीत काढा. ओसरीत दिवसाचा उजेड पोहोचतो आणि चित्रंही भरपूर आहेत. दारावर ओळीने बसलेले सात बुद्ध आणि आठवा मैत्रेय, म्हणजे पुढे येणारा बुद्ध. डाव्या टोकाला भवचक्राचे, म्हणजे जन्ममरणाच्या चाकाचे, अवशेष. मग उजव्या हाताला जा आणि नालगिरी हत्तीची गोष्ट शोधा. ही भिंत वाचण्याचा पहिला धडा आहे. बुद्धाचा चुलतभाऊ आणि वैरी देवदत्त याने बुद्धाला मारण्यासाठी राजगृहाच्या रस्त्यात पिसाळलेला हत्ती सोडला, आणि तो हत्ती बुद्धापुढे येऊन शांत झाला. चित्रात हत्ती पुन्हा पुन्हा दिसतो: इथे रस्त्यात उधळलेला, तिथे बुद्धाच्या पायाशी गुडघे टेकलेला. हत्ती एकच आहे. रस्ता, वरचे सज्जे, घाबरलेली माणसं मधे न तुटता सलग काढलेली आहेत. चौकटी नाहीत. तीच व्यक्ती पुन्हा दिसली की प्रसंग बदलला, एवढं इथे मनात पक्कं झालं की आत जायला हरकत नाही.

दुसरा नियम आतल्या डाव्या भिंतीवर, विश्वंतर जातकात कळतो. कथा थोडक्यात अशी: दान दिल्याशिवाय न राहणारा राजपुत्र विश्वंतर राज्याचा पाऊस पाडणारा पांढरा हत्ती देऊन टाकतो. प्रजा चिडते, त्याला हद्दपार करतात. बायको मद्री आणि दोन मुलांना घेऊन तो रथात बसतो; वाटेत घोडे देतो, रथ देतो. वनातल्या आश्रमात जूजक नावाचा ब्राह्मण येऊन मुलं मागतो, तर तीही देतो. शेवटी आजोबा मुलांना सोडवून घेतात आणि सगळे परत एकत्र येतात. या कथेची सुरुवात ओसरीतच झालेली आहे असं मानतात: मंडपात बसलेलं राजजोडपं, राजपुत्र बायकोला हद्दपारीची बातमी सांगतोय आणि ती खचली आहे. पुढची कथा आतल्या भिंतीवर.

आपण डावीकडून उजवीकडे वाचत जातो, आणि गोंधळ होतो तो इथेच. चित्रकाराने मांडणी ठिकाणाप्रमाणे केली आहे. राजवाड्यात घडलेलं एका बाजूला, बाजार आणि रस्ता मधे, वनातलं वनात, मग ते आधी घडलेलं असो की नंतर. त्यामुळे नजर पुढे जाते, मागे येते, वर चढते. ही ठिकाणं ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत. बारीक रंगीत खांबांचा मंडप दिसला की राजवाडा. कमानीचं दार आणि त्यातून अर्धवट बाहेर आलेली माणसं दिसली की नगर सोडलं. विटांसारखे, कडा धारदार असलेले दगडांचे ढीग म्हणजे डोंगर, रान. पानांची गर्दी आणि पर्णकुटी म्हणजे आश्रम. दोन प्रसंगांच्या मधे बहुधा एक झाड, एक खांब किंवा पाठ फिरवलेली आकृती उभी असते. तिथे वाक्य संपलं असं समजायचं. आणि पुढचं वाक्य कुठे आहे हे बघ्यांच्या माना सांगतात. चार माणसं एकाच दिशेला बघत असतील तर तिकडे बघा.

जूजक मात्र शोधाच. अजिंठ्यात देखणे चेहरे शेकड्याने आहेत, हा एक चेहरा मुद्दाम वेगळा काढला आहे: दातांत फट, हनुवटीवर बोकडासारखी दाढी, नाक पुढे आलेलं, ओठ अर्धवट उघडे. मुलांच्या बदल्यात मिळालेलं धन घेताना तो दिसतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांतली हाव दुर्बिणीतून स्वच्छ दिसते. कुंचल्याच्या सात-आठ ओढींत हा सगळा माणूस उभा केला आहे. समोर पाच मिनिटं उभं राहून नुसती ओठांची रेघ बघितली तरी वेळ सार्थकी लागतो.

उजव्या भिंतीवरच्या सिंहल अवदानासाठी, म्हणजे सिंहल व्यापाऱ्याच्या बौद्ध कथेसाठी, निदान पंचवीस मिनिटं ठेवा. ५०० व्यापाऱ्यांसह निघालेल्या सिंहलाचं जहाज फुटतं, ते राक्षसिणींच्या बेटावर लागतात, उडत्या घोड्यावर बसून सिंहल सुटतो, एक राक्षसीण सुंदर स्त्री होऊन पाठोपाठ राजाच्या दरबारात येते, राजा तिला ठेवून घेतो आणि रात्री राजवाड्यात अनर्थ होतो. मग सिंहल राजा होऊन फौज घेऊन बेटावर चालून जातो. अजिंठ्यातल्या सर्वांत मोठ्या कथाचित्रांपैकी हे एक आहे आणि घरून कथा वाचून आला नसाल तर इथे हमखास वाट चुकते. आधी फक्त सुंदर स्त्री आणि राक्षसीण यांच्या जोड्या शोधा. ते धागे हाती आले की बाकीचं आपोआप लागत जातं. याच भिंतीवर आरशात बघून शृंगार करणारी राजकन्या आहे. सगळे तिच्यापुढे थांबतात, तुम्हीही थांबा, पण फक्त तिच्यासाठी ही भिंत सोडू नका.

निघण्याआधी आतल्या बाजूने मागे वळून दर्शनी भिंत बघा. तिथे षड्दंत जातक आहे. सहा दातांचा हत्ती, त्याच्या दोन राण्या. धाकटी मत्सराने मरते, पुढच्या जन्मी काशीची राणी होते आणि त्याच हत्तीचे दात आणायला पारधी पाठवते. बाण लागलेला हत्ती पारध्याला मारत नाही, उलट दात कापायला मदत करतो. दात समोर आल्यावर राणीच कोसळते. ही कथा डोक्यात घट्ट बसवा, कारण पुढे १० नंबरमध्ये हीच कथा पाच-सहाशे वर्षं आधीच्या हातांनी काढलेली आहे.

१७ मधून १६ मध्ये. हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचं हे लेणं. इथे बरंच गेलं आहे. वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. डाव्या भिंतीवरची ‘मरणासन्न राजकन्या’ ही खरं म्हणजे बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याची बायको सुंदरी. नंद भिक्षू झाला, त्याचा मुकुट घेऊन सेवक आला आणि ती कोसळली. मुकुट धरलेला माणूस आधी शोधा, मग तिच्याकडे बघा. झुकलेली मान, जड झालेल्या पापण्या, मागून सावरणारी दासी. मुकुट बघितलेला असेल तर हे आजारपण नाही हे लगेच कळतं.

१० नंबर हे इथल्या सर्वांत जुन्या लेण्यांपैकी, इसवी सनापूर्वीचं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने इथल्या खांबावर आपलं नाव कोरलं. ते आज डोक्याच्या बरंच वर दिसतं, कारण तेव्हा लेण्यात गाळ साचून जमीन वर आलेली होती. षड्दंताचा पट्टा उजव्या भिंतीवर आहे. पहिल्या नजरेला तिथे काळपट तांबूस डाग आणि लोकांनी खरवडलेली नावं एवढंच दिसतं आणि बहुतेक लोक पुढे जातात. तुम्ही थांबा. कथा माहीत आहे. हत्तींचे कळप शोधा, मग दात घेऊन येणारे पारधी, मग कोसळलेली राणी आणि तिला सावरणाऱ्या दासी. इथे गोष्ट आडव्या पट्ट्यात चालते, १७ सारखी साऱ्या भिंतीभर पसरत नाही. रंग थोडे: गेरूचा तांबडा, पिवळी माती, हिरवी माती, काजळाचा काळा, पांढरा. निळा नाही. निळ्या रंगाचा दगड, लाजवर्द, अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून यायचा आणि तो इथे दिसतो तो पाचव्या शतकातल्या लेण्यांत. १० मधल्या खांबांवरचे बुद्ध मात्र नंतरचे आहेत. त्यांची गल्लत करू नका.

मग ९ मध्ये जाऊन या आणि २ आणि १ शेवटी ठेवा. तोवर जेवणाची वेळ होते आणि गर्दी थोडी पांगते. २ नंबरमध्ये मान वर करून छत बघा आणि उजव्या भिंतीवरच्या विधुरपंडित जातकात झोपाळ्यावरची नागकन्या इरंदती शोधा. १ नंबरमध्ये पद्मपाणी तर बघालच, गाभाऱ्याच्या दाराच्या डाव्या हाताला. हातात निळं कमळ, खाली झुकलेली नजर. भुवयांची कमान, नाकावरचा आणि हनुवटीवरचा उजळ ठिपका बघा, गोलाई त्यानेच आली आहे. मग डावीकडच्या भिंतीवर महाजनक जातक वाचा: नर्तकी आणि वादक बायकांनी भरलेला राजवाडा, आणि त्याच भिंतीवर कमानीतून घोड्यावर बसून राज्य सोडून निघालेला राजा.

भिंत कशी बनली हे कळलं की बिघाड का होतो तेही कळतं. खानदेशातल्या धाब्याच्या घराची मातीची भिंत ज्याने बघितली आहे त्याला हे सहज समजेल. काळ्या पाषाणावर टाकीचे घाव मुद्दाम खडबडीत ठेवलेले, माती धरून राहावी म्हणून. त्यावर मातीचा जाडसर गिलावा: भाताचं तूस, गवताचे तंतू, वाळू घालून मळलेला. आपल्याकडे मातीत गव्हांडा घालतात तो ज्या कामासाठी, त्याच कामासाठी, सुकताना भेगा पडू नयेत म्हणून. त्यावर बारीक मातीचा दुसरा थर. दोन्ही मिळून जाडी कुठे अगदी थोडी, कुठे पाऊण इंचापर्यंत. मग अंड्याच्या टरफलाइतका पातळ चुन्याचा हात, तो सुकल्यावर गेरूने रेखाटन, मग डिंक किंवा सरसात कालवलेले रंग आणि शेवटी पक्की बाह्यरेषा. रंग जिथे उडाला आहे तिथे खालची तांबडी रेघ उघडी पडलेली दिसते. अशा जागा मुद्दाम बघा, चित्रकाराचा हात तिथे सर्वांत मोकळा आहे.

म्हणजे याला ‘फ्रेस्को’ म्हणणं चूक. फ्रेस्कोत ओल्या चुन्यावर रंग लावतात आणि चुना सुकताना रंग त्यात कायमचा बसतो. इथे रंग सुक्या भिंतीवर आहे आणि त्याला धरून आहे तो फक्त डिंक-सरस. म्हणून पाणी हा पहिला वैरी. पावसाळ्यात पाषाणाच्या फटींतून ओल झिरपते, गिलावा पाषाणापासून सुटून फुगतो आणि पोपडा खाली येतो. तूस आणि तंतू कीड-बुरशीला खाद्य आहेत. वटवाघळांची घाण आम्ल असते. जुन्या काळी आत पेटवलेल्या धुन्यांची काजळी आहे. आणि उरलेलं आपण करतो: श्वासातली वाफ, अंगाची ऊब, पायांची धूळ. चपला बाहेर काढायला लावतात, आत ठरावीक लोकच सोडतात, त्यामागे हे कारण आहे. पहारेकरी ‘चला पुढे’ म्हणाला तर वाद घालू नका. बाहेर या, गर्दी ओसरली की पुन्हा आत जा. उन्हाळ्यात ओसऱ्यांचा दगड तापतो, पायमोजे बरोबर ठेवा.

चित्रांवरचा पिवळसर तपकिरी रंग पाचव्या शतकातला नाही. एकोणिसाव्या शतकात या चित्रांच्या नकला करणाऱ्या चित्रकारांनी चित्र उजळ दिसावं म्हणून त्यावर व्हार्निश फासलं. पुढे १९२० ते १९२२ मध्ये निजाम सरकारने इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी या तज्ज्ञांना आणलं. त्यांनी सुटलेला गिलावा पक्का केला, पुष्कळ भाग वाचवला, पण वर लाखेचा थरही दिला. लाख वर्षागणिक पिवळी पडते, आकसते आणि आकसताना खालच्या रंगाचा पापुद्रा ओढते. पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ ती लाख टप्प्याटप्प्याने काढत आले आहेत. १० नंबरमध्ये साफ केलेला आणि न केलेला भाग शेजारी शेजारी दिसला तर फरक डोळ्यांत भरतो. दुकानातल्या छापील चित्रांतही हाच पिवळेपणा येतो. चित्र विकत घेताना पांढऱ्याकडे बघा: दात, मोती, फुलं. ती हळदीसारखी पिवळी असतील तर ते लाखेचं छायाचित्र आहे, रंगांचं नव्हे.

उजेडाबद्दल तक्रार सगळेच करतात. दिवे मंद आणि थंड आहेत आणि ते योग्यच आहे. झगझगीत दिवे लावले तर ही चित्रं आपल्या नातवंडांना दिसायची नाहीत. त्यावर इलाज दुर्बीण. पक्षी बघायला वापरतात ती ८×३२ घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ३२ मिलिमीटर भिंगाची. ३२ भागिले ८ म्हणजे डोळ्यात येणारा उजेडाचा झोत ४ मिलिमीटर रुंद. अंधारात एवढा लागतोच. खिशातली ८×२१ स्वस्त आणि हलकी, पण झोत जेमतेम अडीच मिलिमीटर, आत सगळं काळं दिसतं. १०×५० मध्ये उजेड भरपूर, पण हात हलतो आणि जवळचं स्पष्ट होत नाही. घेताना ‘कमीत कमी किती अंतरावर स्पष्ट दिसतं’ हे विचारा. २ मीटर किंवा कमी हवं, कारण कठड्यापासून भिंत जवळ असते. मोबाईलचा टॉर्च लावू नका, फ्लॅश तर मुळीच नाही. फोटो काढायचेच तर शेवटी, नाईट मोडवर, कोपर पोटाशी दाबून आणि श्वास रोखून. आधी काढलेत तर पडद्याच्या उजेडाने सरावलेले डोळे पुन्हा दिपतात आणि दहा मिनिटं वाया जातात.

वाटाड्या घ्यावा का? चांगला मिळाला तर जरूर. परवानाधारक वाटाड्यांचा दर गटावर असतो, चौघांनी मिळून घेतला तर परवडतो. ठरवण्याआधी तीन प्रश्न विचारा. रंग कशाचे? ‘झाडपाल्याचे’ म्हणाला तर नको. ते माती आणि दगडाचे आहेत, हिरवा तर इथल्याच पाषाणातल्या हिरव्या मातीचा. १ नंबरमधला परदेशी पाहुण्यांचा दरबार कुणाचा? ‘दुसऱ्या पुलकेशीचा’ हे उत्तर जुनं आहे. हा चालुक्य राजा सातव्या शतकातला, लेणं पाचव्या. तिसरा: १७ नंबरमध्ये किती वेळ देणार? पाऊण तासापेक्षा कमी सांगितला तर त्याला पद्मपाणी दाखवून मोकळं व्हायचं आहे. बुजुर्ग वाटाड्यांपैकी काहींना सिंहलाची कथा प्रसंग-प्रसंगाने तोंडपाठ असते; असा माणूस भेटला तर ठरल्यापेक्षा शंभर रुपये जास्त द्यायला मागेपुढे पाहू नका.

टी पॉइंटजवळच्या दुकानांत चकाकते स्फटिक खूप दिसतात. ते आपल्याकडच्याच खाणींतले आहेत, देखणे आहेत, हौस म्हणून घ्या. पण चित्रांतला हिरवा त्यांचा नाही. तो पाषाणाच्या पोकळ्यांत आतून साय धरल्यासारखी मळकट हिरवी माती असते, तिचा. लेण्यांसमोरच्या वाटेवर फुटलेल्या दगडांत ती नजरेला पडते. तोडायला जाऊ नका, बघा फक्त.

खाण्याचं: आत काही नेता येत नाही आणि बाहेर वानरं पिशवी ओढतात, केळी तर दिसताक्षणी जातात. सकाळी पोटभर खाऊन निघा, पाणी बरोबर ठेवा, परतताना पहूरला थांबून शेवभाजी-भाकरी जेवा. लेण्यांकडून टी पॉइंटला येणारी शेवटची बस वर जाण्याआधीच विचारून ठेवा, आणि साडेचारच्या पुढे वर रेंगाळू नका.

पावसाळ्यात वाघूरला पाणी असतं, सातकुंडाचा धबधबा सुरू असतो, दरी हिरवी होते. देखावा म्हणून तो काळ सुरेख. चित्रांसाठी मात्र डिसेंबर ते फेब्रुवारी. हवा कोरडी, आभाळ स्वच्छ, ओसऱ्यांत उजेड भरपूर. लेण्यांपुढून वाहणारी हीच वाघूर पुढे धरणात अडवून जळगावच्या नळांना पाणी देते, हे मुलांना बरोबर नेलं तर अवश्य दाखवा.

दुसऱ्या दिवसाची सवड असेल तर भुसावळला जा. १८४४ पासून कितीतरी वर्षं अजिंठ्यात राहून या चित्रांच्या मोठ्या तैलरंगी नकला करणारा रॉबर्ट गिल तिथल्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरला आहे. १८७९ मध्ये तो गेला. त्याच्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या, १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. त्यानंतर १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा नकला केल्या, त्यातल्याही पुष्कळ १८८५ मध्ये लंडनलाच आगीत गेल्या. चाळीसगावकडच्यांनी पितळखोऱ्याची लेणी बघावीत. तिथल्या ३ नंबरच्या चैत्यगृहातल्या खांबांवर अजिंठ्याच्या धाटणीचे रंगवलेले बुद्ध अजून तग धरून आहेत. तिथे दिवे नाहीत, गर्दी नाही, पायऱ्या उतरून ओढ्यापर्यंत जावं लागतं. दुर्बीण न्या, आणि पावसाच्या दिवसांत शेवाळलेल्या पायऱ्यांवर जपून उतरा.